ऑगस्टसची जयंती कोणी काढत नाही

प्रति,
मा. संचालक आणि इतिहास विषय समितीचे सदस्य,
बालभारती, पुणे



मी उदगीरच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा आणि आमचा जिल्हा ‘लातूर पॅटर्न’चा, त्यामुळे इथे इतिहासाच्या तासाची पत काय असते हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. पालक विचारतात, याला वेळ किती द्यायचा? मुलं विचारतात, हे पेपरला येतं का? दोघांचंही चुकत नाही. पण हे पत्र गुणांसाठी नाही. पुस्तकं नव्याने लिहिली जात असताना एक पाठ मागून घ्यावा, एवढ्यासाठी लिहितो आहे. सत्ता स्वतःचं चित्र कसं घडवते आणि ते चित्र ज्यांच्या हाती पडतं ते त्याचं काय करतात, यावरचा एक पूर्ण पाठ. त्याची सुरुवात रोमपासून करा, शेवट मात्र तेर, नाशिक आणि आमच्या आजीच्या पेटीपाशी होऊ द्या.

रोमच कशाला, असं कोणी विचारेल. आपल्याकडे राजे कमी होते का? त्याचं उत्तर मी वर्गातच शिकलो. आपल्या एखाद्या राजाच्या शिल्पाकडे बोट दाखवून ‘हे असं का कोरलं असेल?’ एवढंच विचारलं, तरी चाळीसातली दहा मुलं सावरून बसतात. कोणाच्या भावना, कोणाची जात, कोणाचा चौक, हे सगळं त्या एका प्रश्नामागून वर्गात शिरतं. रोमचा सम्राट ऑगस्टस याचं तसं नाही. त्याची जयंती उदगीरात कोणी काढत नाही, त्याच्या नावाने वर्गणी मागत नाही, त्याच्या पुतळ्याच्या उंचीवरून मोर्चा निघत नाही. त्याच्याबद्दल वाटेल ते विचारता येतं. शल्यचिकित्सा शिकणारा विद्यार्थी पहिला चाकू नातेवाइकाच्या पोटावर चालवत नाही, तसंच हे आहे. हात बसेपर्यंत परका राजा बरा.

तर ऑगस्टस. रोमच्या उत्तरेला प्रिमा पोर्ता इथे, त्याच्या बायकोच्या, लिव्हियाच्या, बंगल्याच्या अवशेषांत १८६३ साली त्याचा संगमरवरी पुतळा सापडला. आज तो व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. उंची दोन मीटरच्या थोडी वर. उजवा हात उंचावलेला, जणू सैन्यापुढे भाषण चाललं आहे. अंगावर सेनापतीचं चिलखत, पण पाय अनवाणी. मुलांना हे लगेच खटकतं. लढाईला निघालेला माणूस अनवाणी कसा? तेवढ्यात कोणाला तरी पायाशी डॉल्फिनवर बसलेलं पंख असलेलं पोर दिसतं. तो क्युपिड, व्हीनस देवीचा मुलगा. ऑगस्टस ज्या घराण्यात दत्तक गेला ते ज्युलियस सीझरचं घराणं स्वतःला व्हीनसचे वंशज म्हणवत असे. म्हणजे हा सेनापतीही आहे आणि देवाच्या नात्यातलाही. अनवाणी पायांचं कोडं तिथे सुटायला लागतं, कारण जोड्यांवाचून उभं राहण्याची तऱ्हा त्या कलेत देवांची आणि वीरांची.

खरी गंमत चिलखतावर आहे. छातीच्या मधोमध एक पार्थियन माणूस रोमन माणसाकडे सैन्याचा ध्वज परत देतो आहे. रोमन सेनापती क्रॅससच्या सैन्याचा इ.स.पू. ५३ मध्ये कारहाई इथे धुव्वा उडाला तेव्हा हे ध्वज पार्थियनांनी नेले होते. इ.स.पू. २० मध्ये ते परत मिळाले ते वाटाघाटींतून, लढाई न होता. पुतळ्यावर मात्र हा प्रसंग विजयासारखा कोरला आहे, वर आकाशदेव, खाली धरणी, बाजूला सूर्याचा रथ. खोटं त्यात काहीच नाही. ध्वज खरोखर परत आले होते. फक्त कशामुळे आले, तेवढं संगमरवरात नाही. प्रचार म्हणजे थाप, अशी मुलांची समजूत असते. ती या एका चिलखतावर मोडता येते. खऱ्या गोष्टींतली कोणती दाखवायची आणि कोणती वगळायची, हे ज्याच्या हाती असतं त्याला थाप मारायची गरजच पडत नाही.

मग मी वय विचारतो. पुतळा बघून मुलं पंचवीस, तीस, फार तर पस्तीस सांगतात. ऑगस्टस वारला तेव्हा पंच्याहत्तरी उलटलेली होती, आणि त्याच्या अखेरच्या वर्षांतले पुतळेसुद्धा त्याच तरुण चेहऱ्याचे आहेत. साम्राज्यात त्याचा म्हातारा पुतळा तुम्हांला मिळायचा नाही. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, चौकातल्या फ्लेक्सवरचा फोटोपण मी पहिलीत होते तेव्हापासून तोच आहे.’ वर्ग हसला. मीही हसलो, आणि कोणता चौक ते मुद्दाम विचारलं नाही.

फ्लेक्स निघालाच आहे, तर आरा पाकिसबद्दल लिहितो. ऑगस्टस स्पेन आणि गॉलहून परतला म्हणून रोमच्या सिनेटने इ.स.पू. १३ मध्ये ही शांततेची वेदी मंजूर केली. इ.स.पू. ९ मध्ये ती अर्पण झाली. तिच्या बाहेरच्या भिंतींवर मिरवणूक कोरली आहे: पुरोहित, सिनेटर, राजघराण्यातली माणसं, बायका, मोठ्यांचं वस्त्र धरून चाललेली मुलं. लहान मुलांना अशा राजकीय शिल्पात एवढी जागा मिळणं रोमला नवं होतं. त्याच राजवटीत लग्न करा, मुलं होऊ द्या म्हणून कायदे झाले होते. तेव्हा ही गोंडस पोरं तिथे नुसती शोभेला आलेली नाहीत. आता या मिरवणुकीत कोण कोणाच्या मागे, कोणाचा चेहरा पुढून आणि कोणाचा नुसता बाजूने, कोण पार्श्वभूमीत पुसट, हे मुलांना विचारा. ती तज्ज्ञासारखी उत्तरं देतात. कारण हा धडा त्यांनी आधीच गिरवलेला आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वर ओळीने महापुरुष, मधोमध ‘भाऊ’ किंवा ‘दादा’, त्यांच्या खांद्याशी थोडे लहान स्थानिक नेते आणि तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून पासपोर्ट आकाराची ओळ, ही रचना त्यांना पाठ आहे. यंदा कोणाचा फोटो वरच्या ओळीतून खाली आला आणि का, हे आमच्या नववीच्या मुलांना नगरपालिकेच्या निवडणुकीच्या बातम्या न वाचताही कळतं. वाचण्याची कला त्यांच्याकडे आहे. ती इतिहासाच्या तासालाही चालते, एवढंच कोणी त्यांना सांगितलेलं नाही.

सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे, जरी सगळी पुस्तकं त्यावरच रेंगाळतात. इ.स. ११३ चा हा स्तंभ. डेशियाच्या युद्धांची कथा त्यावर वर वर वळसे घेत गेली आहे आणि पट्टी उलगडली तर जवळजवळ २०० मीटर भरेल. त्याच्यासाठी एक प्रश्न पुरे: वरची शिल्पं खालून नीट दिसतच नाहीत, तर ती कोरली कोणासाठी? तासभर वाद चालतो.

इथवर रोमची पुस्तकं पुरतात. पण कुठल्याही पुस्तकातला पाठ साधारण इथेच थांबतो. राजाने काय सांगितलं ते कळतं. ऐकणाऱ्याने काय केलं ते कळत नाही. आणि नेमका तो अर्धा भाग आपल्या दख्खनच्या मातीत पडलेला आहे, म्हणून तर हे पत्र.

जोगलटेंभी घ्या. नाशिकजवळच्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. लेख ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. पश्चिमेकडच्या नाण्यांची चाल उचलून घडवलेली ही नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नहपानाच्या गालावर, नाकावर, डोळ्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर उमटलेला दिसतो. नवी नाणी पाडायला त्याच्याकडे चांदी नव्हती, असं समजायचं कारण नाही. जुना चेहरा अर्धवट दिसत राहावा आणि वरचा ठसाही दिसावा, यात जे सांगणं होतं ते कोऱ्या नव्या नाण्याने कधी साधलं नसतं. बाजारात दोन पैसे मोजणाऱ्यालाही कळलं असेल की मालक बदलला.

आता शेजारी रोममधली गोष्ट ठेवा. सम्राट कॅराकॅलाने इ.स. २११ मध्ये आपल्या सख्ख्या भावाला, गेटाला, मारवलं आणि त्याची नावं, चित्रं जिथे असतील तिथून पुसायचा हुकूम सोडला. बर्लिनमध्ये या घराण्याचं लाकडी फळीवर रंगवलेलं एक चित्र आहे. आई, वडील, दोन मुलं, आणि एका मुलाच्या चेहऱ्याच्या जागी खरवडलेलं भगदाड. जोगलटेंभीचं नाणं आणि बर्लिनची फळी एका पानावर आमनेसामने छापा. खाली एक ओळसुद्धा लिहू नका.

नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो कोरवून घेतला. मुलाच्या गुणांची, रूपाची, पराक्रमाची लांबलचक यादी त्यात आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, त्याने शक, यवन, पह्लव यांचा नाश केला, क्षहरातांचा वंश संपवला. मुलं म्हणतात, आईनेच लिहिलंय म्हटल्यावर काय सांगायचं! बरोबर आहे. पण मग जोगलटेंभीची नाणी समोर ठेवायची. क्षहरातांबद्दलच्या आईच्या दाव्याला त्या नऊ हजार ठशांचा आधार मिळतो. प्रशस्ती आहे म्हणून ती उडवून लावता येत नाही, आणि दगडात कोरली आहे म्हणून आंधळेपणाने घेताही येत नाही. तीन समुद्रांच्या पाण्यासाठी वेगळा पुरावा शोधावा लागतो. एवढा विवेक पंधराव्या वर्षी आला, तर बाकी सनावळ्या विसरल्या तरी चालतील. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ज्यांनी नहपानाचा चेहरा ठोकून काढला त्याच सातवाहनांनी पुढे चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे चेहरे घातले. पुळुमावी, यज्ञश्री यांची तशी नाणी आहेत. शत्रू गेला, त्याची फॅशन राहिली.

आणि खुद्द रोमन सम्राटांच्या चेहऱ्यांचं इथे काय झालं? भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच रेलचेल आहे. ऑगस्टसचं इथे वारंवार मिळणारं नाणं म्हणजे एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला गायस आणि लूशियस, त्याचे नातू, दत्तक घेतलेले वारस, ढाली-भाले घेऊन उभे. ‘माझ्यामागे हे’ असं साम्राज्याला सांगण्यासाठी काढलेलं नाणं. लूशियस इ.स. २ मध्ये गेला, गायस इ.स. ४ मध्ये. या दोघांपैकी एकही गादीवर आला नाही, पण त्यांची जाहिरात मिऱ्यांच्या आणि कापडाच्या मोबदल्यात समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आणि तमिळ देशात पोचली. ज्याला ती लिपी येत नव्हती, ज्याला रोमची गादी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, त्याच्या हातात ती फक्त चांदी होती. पुदुकोट्टई इथे १८९८ साली सापडलेल्या ५०१ सोन्याच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या तोंडावरच छिन्नीचा घाव आहे. का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. झिजलेली नाणी चलनातून बाद केली असतील, असा एक तर्क. कारण काहीही असो, घाव घालणाऱ्याला त्या दैवी चेहऱ्याची भीड वाटली नाही, एवढं दिसतंच.

कोंडापूरला याच्या उलट झालं. हे गाव आज तेलंगणात. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने १९४० नंतर कोंडापूरला खणलं तेव्हा उदगीर आणि कोंडापूर एकाच निजामी राज्यात होते. तिथे रोमन नाण्यांवरून साच्यात काढलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या, दोरा ओवायला भोक असलेल्या, गळ्यात घालायच्या. म्हणजे रोमचा सम्राट इथल्या कुणा बाईच्या गळ्यातला दागिना झाला. ज्याने जगावर सत्ता सांगण्यासाठी चेहरा छापला, त्याच्या चेहऱ्याची किंमत इथे ‘छान दिसतो’ एवढी झाली. प्रचाराचा पराभव असा हसतखेळतही होतो, हे कुठल्या युरोपीय पुस्तकात मुलांना वाचायला मिळणार?

तेरबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण तिथे मुलांना नेता येतं. गोरोबाकाकांचं तेर म्हणून ती ते ओळखतातच. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात तगर म्हणून आलेलं गाव ते हेच. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथून गाड्या भरभरून कापड भडोचला जायचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर उभं असलेलं शासकीय संग्रहालय तिथे आहे. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या दुहेरी साच्यातल्या मूर्ती आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेईच्या राखेखालून १९३८ साली निघालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती हिच्या जवळच्या नात्यातली. तेरच्या मूर्तीत कुठला राजा नाही, कुठला विजय नाही. ती पाठात हवी ती त्यासाठीच. त्या काळातली सगळी कला राजाच्या पदरी नव्हती, हेही मुलांनी बघावं. उदगीरहून लातूरमार्गे तेर एका दिवसात होतं. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. पण पुस्तकात तेरचा फोटो पानभर आल्याशिवाय मुख्याध्यापक सहलीच्या यादीत तेर घालणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

काही जण म्हणतील, हे सगळं जुनं झालं. मुसोलिनीला तसं वाटलं नव्हतं. ऑगस्टसच्या द्विसहस्राब्दीच्या निमित्ताने त्याने १९३७ साली रोममध्ये भव्य प्रदर्शन भरवलं आणि आरा पाकिसचे तुकडे जमवून १९३८ साली ती वेदी टायबर नदीकाठी पुन्हा उभी केली. दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रचार त्याने आपल्या नावाने पुन्हा चालवला. तुमच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असा पाठ आहे. त्यात वर्तमानपत्रं आहेत, आकाशवाणी आहे, दूरदर्शन आहे. पुतळा आणि नाणं हीसुद्धा प्रसारमाध्यमंच होती, आणि कुठल्याही वाहिनीपेक्षा जास्त काळ चालली, असा एक परिच्छेद त्यात सहज मावेल.

आता आजीच्या पेटीकडे येतो. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अजून कुठे कुठे दोन प्रकारचे रुपये सापडतात, हाली आणि कलदार. कलदारवर इंग्रजांच्या राजाचा मुकुट घातलेला चेहरा. निजामाच्या हालीवर चेहरा नाहीच. तिथे चारमिनार, आणि मधल्या कमानीत एक अक्षर. मीर उस्मान अली खानच्या नाण्यांवर ‘ऐन’, त्याच्या वडिलांच्या, महबूब अली खानच्या नाण्यांवर ‘मीम’. बस्स, एवढंच. एकाने चेहरा छापला, दुसऱ्याने शहराच्या दारात आपलं अक्षर ठेवलं. यात जोडायला शिवाजी महाराजांची शिवराई आहे. तिच्यावरही चेहरा नाही, आजूबाजूला फारसीचा जोर असताना देवनागरीत ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढी अक्षरं. तीन नाणी, तीन राजे, आपल्या राज्याबद्दल सांगायच्या तीन वेगळ्या पद्धती. रोमवर हात बसलेला असला की या तिन्हींकडे मुलं न बिचकता बघतात. कोणाचा मान कमी होत नाही. उलट, चेहऱ्याऐवजी लिपी निवडणाऱ्या राजाची दृष्टी त्यांना अधिक कळते.

परीक्षेशिवाय आमच्याकडे काही शिकवलं जात नाही, म्हणून प्रश्नपत्रिकेबद्दलही मागतो. ऑगस्टसवर टीप लिहा, हा प्रश्न नको. हाली आणि कलदार यांचे फोटो शेजारी शेजारी छापा आणि ४ गुणांना विचारा की नाणं कोणी पाडलं, ते कोणाच्या हातात जाणार होतं, त्यावर काय दाखवलं आणि काय दाखवायचं टाळलं. फक्त एक विनंती. शिक्षक-पुस्तिकेत या प्रश्नाचं नमुना उत्तर देऊ नका. दिलंत, की पंधरा दिवसांत ते गाईडमध्ये येईल आणि आमच्या लातूरात ते घोकून घेणारे क्लासही निघतील.



आपला,
उदगीर येथील एक इतिहास शिक्षक